वनस्पतिजन्य अन्नासाठी एन्झाइम सप्लिमेंट : निवड, वेळ आणि पडताळणी

जेवण झालं, दोन-तीन तासांनी पोट फुगलं, मग डबी शोधून कॅप्सूल घेतली. या क्रमाने घेतलेलं एन्झाइम जवळजवळ वाया जातं, कारण ज्या अन्नावर त्याने काम करायचं ते अन्न तोवर पुढे निघून गेलेलं असतं. दुसरी नेहमीची चूक निवडीची आहे. त्रास कांदा-लसणाचा असतो आणि घेतलं जातं कडधान्यांसाठीचं एन्झाइम. तिसरी चूक म्हणजे वीस-बावीस नावं छापलेली बाटली ‘सगळ्यावर चालेल’ म्हणून आणणं. मग कशाने बरं वाटलं आणि कशाने नाही, हे कधीच कळत नाही. यातून काहीजण एन्झाइम म्हणजे थोतांड असं ठरवून मोकळे होतात, तर काहीजण कॅप्सूल घेतल्याशिवाय जेवायलाच बसत नाहीत.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर पुढच्या टप्प्याचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एक एन्झाइम ठरावीक प्रकारचाच रासायनिक बंध तोडतं, आणि तेही अन्नात प्रत्यक्ष मिसळलं तरच. पुढचा सगळा लेख या दोन अटींभोवती आहे.

## टप्पा १ : आधी डॉक्टरांकडे जायचं का, ते ठरवा

पोट फुगणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण प्रत्येक वेळी नाही. खालीलपैकी काहीही असेल तर सप्लिमेंट बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या:

- शौचातून रक्त जाणं किंवा शौच डांबरासारखं काळं होणं
- प्रयत्न न करता वजन उतरणं
- रक्तक्षय, विशेषतः कारण न सापडलेली लोहाची कमतरता
- रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब
- गिळताना अडणं, वारंवार उलट्या, ताप
- पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास. स्त्रियांमध्ये या वयात पोट सतत फुगलेलं राहत असेल, तर अंडाशयाची तपासणीही करून घ्यावी
- घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, सिलिॲक (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) किंवा आतड्याचा दाह असण्याचा इतिहास

गव्हाने त्रास होतो अशी शंका असेल तर गहू बंद करण्यापूर्वी सिलिॲकची रक्तचाचणी करा. ही चाचणी ग्लूटेन खाण्यात असतानाच खरी उतरते. महिनाभर गहू सोडून मग चाचणी केली, तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते.

सावधान: सिलिॲकचं निदान झालेल्यांनी ग्लूटेन पचवणारं एन्झाइम घेऊन गहू, जव किंवा राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) खाऊ नये. बाजारात ‘डीपीपी-फोर’ वगैरे नावांनी मिळणारी ही एन्झाइमं सगळं ग्लूटेन मोडत नाहीत, आणि सिलिॲकमध्ये थोडंसं उरलेलं ग्लूटेनही आतड्याला इजा करतं. इथे उपाय एकच: ग्लूटेन पूर्ण वर्ज्य.

## टप्पा २ : त्रासाची वेळ लिहून ठेवा

लोक काय खाल्लं ते लिहितात, पण त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहीत नाहीत. खरी माहिती वेळेतच असते.

कडधान्यांतली न पचणारी साखर लहान आतड्यातून तशीच पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जीवाणू ती आंबवतात. तेव्हा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. या प्रवासाला वेळ लागतो. म्हणून आंबण्याचा वायू साधारण दोन-तीन तासांनी, कधी पाच-सहा तासांनी जाणवतो.

आठवडाभर प्रत्येक जेवणासाठी चार गोष्टी लिहा: पदार्थ आणि अंदाजे प्रमाण, जेवण सुरू केल्याची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, आणि त्रास नेमका कोणता (ढेकर, फुगणं, वायू सरणं, मुरडा, पातळ शौच).

तपासा: जेवता जेवता किंवा पंधरा-वीस मिनिटांत पोट फुगत असेल, तर तो त्या जेवणातल्या कडधान्याचा वायू नाही. एक तर तुम्ही घाईघाईने जेवता, सोडा किंवा फसफसणारं पेय पिता आणि हवा गिळली जाते. नाहीतर अन्न जठरात पडताच मोठं आतडं हलू लागतं आणि आधीच्या जेवणाचा साठलेला वायू पुढे ढकलतं. अशा वेळी नोंदवहीत एक जेवण मागे जाऊन पाहा. सकाळी खाल्लेल्या चण्याचा दोष दुपारच्या साध्या भातावर येतो, आणि मग भात पचवणारी एन्झाइमं विकत घेतली जातात.

## टप्पा ३ : घटक ओळखा आणि त्याला जुळणारं एन्झाइम निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

कडधान्यं आणि डाळी. राजमा, हरभरा, वाटाणा, मसूर, सोयाबीन यांच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बॅस्कोज या साखरा असतात. त्यांच्यातला गॅलॅक्टोजचा जोड तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. ते बाहेरून घेता येतं आणि त्याचं नाव अल्फा-गॅलॅक्टोसायडेज. सप्लिमेंटमधलं हे एन्झाइम बहुधा ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात. वनस्पतिजन्य अन्नाच्या वायूसाठी चाचण्यांचा आधार असलेलं एन्झाइम शोधत असाल, तर सुरुवात याच्यापासून करा. कोबी आणि ब्रोकोलीत रॅफिनोज थोडं असतं, तिथेही काही मदत होते. पण या भाज्यांनंतरच्या वायूचा वास गंधकयुक्त संयुगांचा असतो. एन्झाइमाने वायूचं प्रमाण घटेल, वास जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

कांदा, लसूण, गहू. यांच्यातला त्रासदायक घटक म्हणजे फ्रुक्टान, म्हणजे फ्रुक्टोजची साखळी. अल्फा-गॅलॅक्टोसायडेज तिला हातही लावत नाही. त्यासाठी इन्युलिनेज किंवा फ्रुक्टान-हायड्रोलेज हा वेगळा गट आहे. मात्र साखळी तुटल्यावर सुटा फ्रुक्टोज मोकळा होतो. ज्यांना फ्रुक्टोजच नीट शोषला जात नाही, त्यांचा एक त्रास जाऊन दुसरा येऊ शकतो. माझं मत विचाराल तर इथे आधी स्वयंपाकातला उपाय करून पाहावा. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्या तेलात पुढचा पदार्थ करा. चव येते, फ्रुक्टान येत नाही. असं तेल त्याच वेळी वापरून संपवा. बाहेर साठवून ठेवलेल्या लसणाच्या तेलात बोट्युलिझमचे (एका गंभीर विषबाधेचे) जीवाणू वाढू शकतात.

सफरचंद, नासपती, आलुबुखार, मश्रूम, फुलकोबी. यांत सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल ही कमी शोषली जाणारी साखर-अल्कोहोलं असतात. यांच्यावर वरचं कुठलंच एन्झाइम चालत नाही. प्रमाण कमी करणं एवढाच खात्रीचा मार्ग.

तंतू, म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन. सेल्युलेज, झायलनेज, पेक्टिनेज ही नावं बाटलीवर भारदस्त दिसतात. पण सेल्युलोजचे धागे इतके घट्ट विणलेले असतात की कारखान्यातही ते फोडायला तासन् तास लागतात. जठरातल्या थोड्या वेळात फारसं काही होत नाही. शिवाय मुद्दा असा की तंतू न पचणं हाच त्यांचा उपयोग आहे. ओट आणि जवातला बीटा-ग्लुकन पोटात चिकट दाटसर होतो म्हणून कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. तो दाटसरपणाच मोडायचा असेल, तर ओट खाण्यातला अर्धा हेतू गेला. निव्वळ ‘भाज्या पचत नाहीत’ म्हणून सेल्युलेज विकत घेऊ नका. भाजीचे साल-बियांचे तुकडे शौचात दिसणं हा आजार नव्हे.

फायटेट. हा विषय वायूचा नाही, खनिजांचा आहे, आणि दोन्हींची सरमिसळ फार होते. धान्यं, कडधान्यं, तेलबिया यांच्यातलं फायटेट लोह, जस्त आणि कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे ती शरीरात कमी शोषली जातात. फायटेज हे एन्झाइम तो बांध सैल करतं. ज्यांचा आहार जवळजवळ संपूर्ण धान्य-कडधान्यांवर आहे आणि लोह कमी आहे, त्यांना त्याचा विचार करता येईल. मात्र ते लोहाच्या उपचाराची जागा घेत नाही. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉलंही लोह अडवतात आणि फायटेज त्यांच्यावर चालत नाही. जेवणाबरोबर फायटेज घ्यायचं आणि वर लगेच कडक चहा, तर मिळवलेला फायदा बराचसा गेला. चहा तास-दीड तास लांब ठेवा आणि जेवणात क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी घ्या.

लेक्टिन. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे प्रथिन विषारी असतं आणि त्यावर कोणत्याही कॅप्सूलचा भरवसा धरू नये. त्याचा बंदोबस्त भांड्यातच करायचा, त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

सावधान: ‘डायजेस्टिव्ह एन्झाइम’ या एकाच नावाखाली पूर्णपणे वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पॅन्क्रिआटिन (लायपेज, प्रोटीएज, अमायलेज) हे स्वादुपिंड नीट काम करत नसलेल्या रुग्णांसाठीचं औषध आहे. लॅक्टेज दुधासाठी आहे. पपेन आणि ब्रोमेलेन प्रथिनं तोडतात. यांपैकी एकानेही राजम्याचा वायू कमी होत नाही.

## टप्पा ४ : लेबल वाचा, मिलिग्रॅमकडे दुर्लक्ष करा

एन्झाइमची ताकद वजनात मोजत नाहीत. ५० मिलिग्रॅमची एक भुकटी जोरकस असू शकते आणि ५०० मिलिग्रॅमची दुसरी निर्जीव. मोजायची ती क्रियाशीलता, आणि प्रत्येक एन्झाइमचं तिचं एकक वेगळं असतं. अल्फा-गॅलॅक्टोसायडेजसाठी ‘गॅल-यू’ (लेबलवर जी, ए, एल, यू ही चार अक्षरं), फायटेजसाठी ‘एफटीयू’, सेल्युलेजसाठी ‘सीयू’. एका एककाची दुसऱ्याशी तुलना होत नाही. २००० सीयू हे ३०० गॅल-यूपेक्षा ‘जास्त’ नसतं.

लेबल हातात घेऊन या क्रमाने पाहा:

1. तुम्हाला हवं असलेलं एन्झाइम नावाने लिहिलं आहे का?
2. त्याच्यापुढे त्याचं स्वतःचं एकक आणि आकडा आहे का? ‘विशेष मिश्रण, ४०० मिलिग्रॅम’ एवढंच असेल तर आत काय किती आहे ते कळायला मार्ग नाही. ती बाटली परत ठेवा.
3. आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोन-तीन कॅप्सूलच्या ‘सर्व्हिंग’चा?
4. इतर घटकांत इन्युलिन, एफओएस (दोन्ही फ्रुक्टानचेच प्रकार), सॉर्बिटॉल, मॅनिटॉल आहे का? प्रोबायोटिक मिसळलेल्या उत्पादनांत इन्युलिन हमखास सापडतं. ज्या घटकाने पोट फुगतं तोच औषधातून पोटात जातो, आणि दोष एन्झाइमवर येतो.
5. मुदत आणि साठवणुकीच्या सूचना.

अल्फा-गॅलॅक्टोसायडेज किती लागतं याचा अंदाज यावा म्हणून दोन चाचण्या सांगतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ८ निरोगी व्यक्तींना ४२० ग्रॅम शिजवलेले बीन्स दिले होते. त्रासाची एकूण गुणसंख्या ३०० आणि १२०० गॅल-यू या दोन्ही मात्रांनी उतरली, पण श्वासातला हायड्रोजन लक्षणीय घटला तो फक्त १२०० वर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत आयबीएसचे, म्हणजे संवेदनशील आतड्याचे, रुग्ण होते. कडधान्यांतल्या या साखरांनी ज्यांना त्रास व्हायचा, त्यांना ३०० गॅल-यूने आराम पडला, १५० ने पडला नाही. अर्थ सरळ आहे: मात्रा अन्नाच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि फार कमी मात्रा म्हणजे न घेतल्यासारखंच. मिश्र गोळीत अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ५०-१०० गॅल-यू असेल, तर तिच्याकडून ताटभर चण्यांची अपेक्षा करू नका.

कुणी घेऊ नये किंवा आधी विचारावं:

- गॅलॅक्टोसेमिया (शरीराला गॅलॅक्टोज ही साखर वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असणाऱ्यांनी अल्फा-गॅलॅक्टोसायडेज घेऊ नये, कारण त्यातून गॅलॅक्टोज सुटतं.
- मधुमेहासाठी ॲकार्बोज किंवा मिग्लिटॉल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. औषध आणि एन्झाइम एकमेकांविरुद्ध काम करतात. इतर मधुमेहींनीही पहिल्या काही वेळा जेवणानंतरची साखर मोजावी, कारण एरवी न पचणारी साखर आता शोषली जाते.
- बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी बुरशीपासूनची एन्झाइमं टाळावीत. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर पपेन नको.
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना किंवा शस्त्रक्रिया ठरली असताना ब्रोमेलेन-पपेन असलेली मिश्रणं टाळावीत.
- गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलं यांच्याबाबत निर्णय डॉक्टरांचा.

## टप्पा ५ : एन्झाइमच्या आधी अन्नाची तयारी

भांड्यात जे काम फुकट होतं ते कॅप्सूलवर टाकू नका. रॅफिनोज आणि तिच्या बहिणी पाण्यात विरघळतात. म्हणून:

1. कडधान्यं भरपूर पाण्यात आठ ते बारा तास भिजवा. मधे एकदा पाणी बदललं तर उत्तम.
2. भिजवलेलं पाणी ओतून द्या. ‘सत्त्व जाईल’ म्हणून त्याच पाण्यात शिजवलं तर उतरलेली साखर परत पोटात. ब जीवनसत्त्वं थोडी जातात हे खरं, पण पोटाची तक्रार असणाऱ्याला हा सौदा परवडतो.
3. जमेल तेव्हा मोड आणा. कोंब फुटताना बी या साखरा स्वतःच वापरून टाकतं. फायटेटही घटतं.
4. मऊ शिजवा. दाताखाली टणक लागणारा दाणा पोटात आणखी त्रास देतो.
5. डबाबंद बीन्स असतील तर चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा.

सावधान: राजमा किमान पाच तास भिजवा, पाणी फेका, आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा, प्रेशर कुकरमध्ये शिजवलात तरी चालेल. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही थेट टाकू नका. ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही कित्येक पट विषारी ठरू शकतो. मोजके दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे होतात.

फायटेटसाठी वेगळी गोष्ट: गहू आणि राय यांच्यात स्वतःचं फायटेज भरपूर असतं, म्हणून भिजवल्यावर किंवा पीठ आंबवल्यावर फायटेट चांगलं कमी होतं. मका आणि ओटमध्ये ते कमी. भाजलेल्या किंवा वाफवून चपट्या केलेल्या धान्यातलं फायटेज उष्णतेने मेलेलं असतं, ते नुसतं भिजवून फारसं साधत नाही.

## टप्पा ६ : घेण्याची वेळ आणि पद्धत

रिकाम्या जठरात आम्ल फार तीव्र असतं. अन्न आलं की ते सौम्य होतं, पीएच वर जातो, आणि पुढच्या तासा-दोन तासांत पुन्हा खाली येतो. बुरशीपासूनचं अल्फा-गॅलॅक्टोसायडेज पीएच ४ ते ५ च्या आसपास सर्वांत चांगलं चालतं. त्यामुळे अन्न नुकतंच जठरात येऊन मिसळत असतं, तीच याच्या कामाची वेळ.

1. कॅप्सूल किंवा गोळी पहिल्या घासाबरोबर घ्या. अर्धा तास आधी नाही, ताट संपल्यावर नाही.
2. जेवण लांबणार असेल किंवा कडधान्याचा पदार्थ शेवटी येणार असेल, तर अर्धी मात्रा सुरुवातीला, अर्धी तो पदार्थ सुरू करताना.
3. विसरलात आणि अजून जेवताय, तर लगेच घ्या. जेवून तास झाला असेल तर सोडून द्या.
4. कॅप्सूल गिळता येत नसेल आणि लेबलवर परवानगी असेल, तर उघडून भुकटी अन्नात कालवा. पदार्थ बोटाला सोसेल इतका कोमट हवा. उकळत्या सूपात टाकलेलं एन्झाइम ढवळेपर्यंत निकामी होतं. ते शिजवण्यातही घालू नका.
5. भुकटी ताटाजवळ धरून हळूच झटका, फुंकू नका. एन्झाइमची धूळ श्वासावाटे वारंवार गेली तर ॲलर्जी जडू शकते.
6. गरम चहा-कॉफीने गिळू नका. साधं पाणी घ्या.

तपासा: गोळीवर ‘एन्टेरिक कोटेड’ लिहिलं आहे का? असं आवरण जठरात विरघळत नाही. अल्फा-गॅलॅक्टोसायडेज आणि फायटेज या दोन्हींनी जठरात काम सुरू करायचं असतं, त्यामुळे त्यांना हे आवरण अडथळाच ठरतं.

## टप्पा ७ : खरंच उपयोग होतो का, ते पडताळा

पोटाच्या तक्रारींत नुसत्या विश्वासानेही बरं वाटतं, म्हणून ‘मला तर फरक पडला’ एवढ्यावर थांबू नका.

त्रास देणारा एकच पदार्थ निवडा. समजा, हरभरे. एकाच वेळी मोठा घाणा शिजवा, सारख्या वजनाचे सहा भाग करा आणि गोठवून ठेवा. यामुळे भिजवणं, शिजणं, प्रमाण सगळं सारखं राहतं. तीन वेळा एन्झाइमशिवाय खा, तीन वेळा एन्झाइमसह, आलटून-पालटून. दोन वेळांमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. बरोबरचं जेवण तेच ठेवा आणि त्या जेवणात कांदा-लसूण, दूध, सफरचंद नको.

जेवणानंतर दोन, चार, सहा आणि आठ तासांनी फुगणं आणि दुखणं यांना ० ते १० पैकी गुण द्या. मागचे गुण झाकून ठेवा. घरात कुणी मदत करणारं असेल तर भुकटी कालवायची की नाही हे त्यांना ठरवू द्या आणि सहाही वेळा झाल्यावरच उलगडा करून घ्या. हे सर्वांत चांगलं.

नेहमीच्या चुका: पाळीच्या आधीच्या दिवसांत एक बाजू आणि नंतर दुसरी बाजू तपासणं, बद्धकोष्ठ झालेलं असताना चाचणी करणं (अडकलेल्या आतड्यात कुठल्याही अन्नाने पोट फुगतं), त्याच आठवड्यात प्रोबायोटिकही सुरू करणं.

## टप्पा ८ : फरक पडला नाही तर

लगेच दुसरी बाटली आणू नका. या क्रमाने पाहा. पहिल्या घासाबरोबर घेतलं होतं का? मात्रा ताटातल्या प्रमाणाला पुरेशी होती का? मुदत संपली किंवा डबी दमट जागी होती का? हे सगळं ठीक असेल तर लेबलवरच्या कमाल मर्यादेत राहून मात्रा एकदाच वाढवून पाहा. तरीही काही नाही, तर बहुधा घटक चुकला आहे: टप्पा २ ची वही उघडा आणि त्या जेवणांत फ्रुक्टान किंवा सॉर्बिटॉल दडलंय का ते शोधा. तेही नसेल, तर आहारतज्ज्ञ किंवा पोटविकारतज्ज्ञांना ती वही दाखवा. वेळांसह लिहिलेल्या दोन पानांवरून त्यांना खूप काही कळतं.

खाज, पुरळ, ओठ सुजणं, छातीत घरघर झाल्यास एन्झाइम ताबडतोब बंद करा आणि वैद्यकीय मदत घ्या.

## टप्पा ९ : पुढे कसं चालू ठेवायचं

डबी कोरड्या, गार जागी ठेवा. शेगडीशेजारी किंवा न्हाणीघरात नको. आतली सिलिकाची पुडी काढू नका. आठवडाभराच्या गोळ्या उघड्या खोक्यात काढून ठेवू नका.

एन्झाइम रोजचं औषध म्हणून नाही, त्या-त्या पदार्थापुरतं वापरा. ज्या साखरा इथे मोडतो त्या मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जीवाणूंचं खाद्य आहेत. ते प्रत्येक जेवणात काढून घेण्याची गरज नाही. बऱ्याच लोकांमध्ये कडधान्यं नियमित खाल्ल्यावर काही आठवड्यांत वायू आपोआप कमी होतो. म्हणून घरच्या साध्या जेवणात दोन-तीन चमचे शिजवलेल्या कडधान्यापासून, एन्झाइमशिवाय, सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. प्रवासात, मोठ्या जेवणावळीत, प्रमाण आपल्या हातात नसतं तेव्हा कॅप्सूल जवळ असू द्या.

दोन-तीन महिन्यांनी टप्पा ७ मधली चाचणी त्याच पदार्थावर, त्याच वजनाने पुन्हा करा. एन्झाइमशिवायचे गुण आता एन्झाइमसहच्या जवळ आले असतील तर त्या पदार्थासाठी ते थांबवा. अंतर अजून तसंच असेल तर चालू ठेवा आणि पुढच्या पदार्थाची चाचणी घ्या.